इंडेक्स फंड: नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पगार, पेन्शन, दुकानाचा गल्ला किंवा द्राक्ष-कांद्याची पट्टी, पैसा कुठूनही येत असो, रोज बाजार बघायला वेळ नसलेल्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. कराचे आकडे २३ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या दरांनुसार दिले आहेत.

इंडेक्स फंडात टाकलेल्या पैशांचं नेमकं होतं काय?

निफ्टी ५० ही राष्ट्रीय शेअर बाजारातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांची यादी. सेन्सेक्स ही मुंबई शेअर बाजारातल्या तीस कंपन्यांची. इंडेक्स फंड ती यादी समोर ठेवतो आणि त्याच कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेऊन ठेवतो. तुमच्या दहा हजारांचे दोनशे-दोनशे रुपये असे पन्नास सारखे वाटे पडत नाहीत. बाजारात खुल्या असलेल्या शेअरच्या किमतीनुसार वाटा ठरतो, म्हणून बड्या कंपन्यांना जास्त आणि शेपटाच्या कंपन्यांना अर्ध्या टक्क्याच्या आसपास मिळतं. बँका आणि वित्त कंपन्यांचाच वाटा ढोबळमानाने एक तृतीयांश असतो, हे आधीच माहीत असलेलं बरं.

यादी वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस बदलते. मध्येच काही मोठं घडलं तर तेव्हाही. मार्च २०२० मध्ये येस बँक निफ्टीतून बाहेर गेली आणि श्री सिमेंट आत आली. इंडेक्स फंड असलेल्यांना त्यासाठी काहीच करावं लागलं नाही. बुडणारी कंपनी यादीतून जाईपर्यंत तिचा वाटा आपोआपच लहान झालेला असतो.

हा जुगार तर नाही ना?

तुम्ही सातपूर-अंबडच्या कारखान्यात असाल आणि तुमचा पीएफ ईपीएफओकडे जात असेल, तर ऑगस्ट २०१५ पासून त्यातला काही भाग निफ्टी आणि सेन्सेक्सच्या ईटीएफमध्ये (शेअरसारख्या बाजारात घेता-विकता येणाऱ्या फंडांत) जातोच आहे. म्हणजे या वाटेवर तुम्ही नकळत आधीपासून आहात. फरक इतकाच की पीएफमध्ये चढउतार दिसत नाही, कारण तिथे वर्षाला एक व्याजदर जाहीर होतो. इंडेक्स फंडात तो रोज संध्याकाळी दिसतो.

पण हमी नाही. एफडीसारखी मुद्दल सुरक्षित नाही. कोणी ‘इंडेक्स फंडात बारा टक्के पक्के’ म्हणालं, तर त्याच्याकडे पुढचं काही विचारू नका.

मग किती पडू शकतं?

निम्म्याहून जास्त. जानेवारी २००८ मध्ये निफ्टी ६,३०० च्या आसपास होता, त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर २,५०० च्या आसपास आला. नंतर सावरला, पण २००८ ची ती पातळी पक्की मागे टाकायला २०१३-१४ उजाडलं. मधली पाच-सहा वर्षं एकरकमी पैसे टाकलेल्यांना लाभांशाखेरीज फार काही दिसलं नाही. दुसरं टोक म्हणजे २०२०. जानेवारीत १२,३०० च्या वर असलेला निफ्टी २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला आणि त्याच नोव्हेंबरात पुन्हा जुन्या पातळीवर आला.

दोन्ही पडझडींत नुकसान पक्कं कोणाचं झालं? ज्यांनी तळाशी विकलं त्यांचं. आणि ते का विकतात, तर नेहमी घाबरूनच नव्हे, कित्येकदा तेव्हाच पैशांची गरज पडते म्हणून: नोकरी गेली, दवाखाना आला, कॉलेजची फी आली. म्हणून पुढचा प्रश्न फंड निवडण्यापेक्षाही महत्त्वाचा.

सुरू करण्याआधी घरात काय तयार हवं?

सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात किंवा मोडता येणाऱ्या एफडीत. कंत्राटी काम किंवा शेती असेल तर एक वर्षाचा. कुटुंबाचा आरोग्य विमा, आणि घरात कमावणारा एकच असेल तर साधा टर्म विमा. क्रेडिट कार्डाची थकबाकी शून्य; तिच्यावर वर्षाला छत्तीस-चाळीस टक्के व्याज लागत असताना कुठलाही फंड तुम्हाला वाचवू शकत नाही.

आणि पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा इथे आणूच नका. सात वर्षांच्या पुढचा असेल तर उत्तम. दोन वर्षांनी मुलीच्या इंजिनिअरिंगची फी भरायची आहे? तो पैसा एफडीत किंवा पोस्टाच्या आरडीतच शोभतो.

निफ्टी ५०, सेन्सेक्स, नेक्स्ट ५०, निफ्टी ५००... कोणता घ्यावा?

एक निफ्टी ५० इंडेक्स फंड. बस. सेन्सेक्सचा घेतलात तरी चालेल, पण दोन्ही घेऊ नका. सेन्सेक्सच्या कंपन्या जवळपास सगळ्या निफ्टीतही आहेत, त्यामुळे दोन फंड घेऊन विविधता येत नाही, दोन स्टेटमेंट येतात. निफ्टी ५०० मध्ये मध्यम आणि छोट्या कंपन्याही येतात. ज्याला ‘सगळा बाजार एकाच पिशवीत’ हवा त्याने तो घ्यावा. नेक्स्ट ५० जास्त उसळतो आणि जास्त आपटतो, पहिला फंड म्हणून नको.

बँक, आयटी, संरक्षण, ‘अल्फा’, ‘मोमेंटम’ अशा नावांचेही इंडेक्स फंड निघाले आहेत. नावात इंडेक्स असलं तरी ती एका विषयावर लावलेली पैजच आहे. गेल्या वर्षी जो विषय तेजीत होता त्याचाच नवा फंड या वर्षी बाजारात येतो, हे लक्षात ठेवा.

एकाच निर्देशांकाचे इतके फंड आहेत. त्यातला कोणता?

सगळे तीच पन्नास नावं घेतात, म्हणून ‘कोणाचा परतावा जास्त’ हा प्रश्न इथे गैरलागू. दोन आकडे बघा. पहिला, खर्चाचं प्रमाण, म्हणजे फंड चालवण्यासाठी तुमच्या पैशातून वर्षाला कापला जाणारा हिस्सा. निफ्टी ५० च्या डायरेक्ट प्लॅनमध्ये (म्हणजे काय, ते पुढच्या प्रश्नात) ते साधारण ०.१ ते ०.३ टक्का असतं. दुसरा, ट्रॅकिंग डिफरन्स, म्हणजे निर्देशांकाच्या मानाने फंड वर्षाला किती मागे पडला. ही तुलना लाभांश धरलेल्या निर्देशांकाशी, म्हणजे टीआरआयशी करायची; नुसत्या टीव्हीवरच्या निफ्टीशी केली तर फंड उगाच हुशार दिसतो. दोन्ही आकडे फंड कंपनीच्या आणि ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर मिळतात.

खर्च कमी असूनही फंड जास्त मागे पडत असेल, तर तो रोकड पडून ठेवतोय किंवा यादी बदलताना खरेदी-विक्री नीट करत नाही असं समजावं. तीन-चार वर्षांचा इतिहास आणि काही हजार कोटींचा आकार असलेला फंड घ्या. ०.०५ टक्क्याच्या फरकासाठी फंड बदलत बसू नका.

डायरेक्ट आणि रेग्युलर यात फरक काय?

फंड तोच, शेअर तेच. रेग्युलरमध्ये वितरकाचं कमिशन खर्चात मिसळलेलं असतं, डायरेक्टमध्ये नसतं. डायरेक्ट प्लॅन १ जानेवारी २०१३ पासून सुरू झाले.

खर्चाचा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. महिन्याला ५,००० रुपये, वीस वर्षं, म्हणजे १२ लाख तुमच्या खिशातले. हिशेबापुरता ११ टक्के दर धरला तर साधारण ४३.७ लाख होतात. त्यातून दरवर्षी एक टक्का जास्त खर्च गेला, म्हणजे १० टक्के पडले, तर ३८.३ लाख. फरक पाच लाखांहून जास्त. इंडेक्स फंडात रेग्युलर-डायरेक्टमधला फरक बहुधा एक टक्क्यापेक्षा कमी असतो; पूर्ण एक टक्का तुम्हाला महागड्या सक्रिय फंडाशी (जिथे व्यवस्थापक स्वतः शेअर निवडतो) तुलना करताना दिसेल.

वितरक वाईटच असं मात्र नाही. आई-वडिलांचे फॉर्म भरून देणारा, मृत्यूनंतर घरी येऊन कागद पूर्ण करणारा आणि पडझडीत ‘विकू नका काका’ म्हणणारा माणूस कॉलेज रोडला असेल, तर त्याचं कमिशन वसूल आहे. वर्षातून एकदा फक्त दिवाळीची डायरी घेऊन येत असेल, तर नाही.

माझा आधीच रेग्युलर आहे. लगेच बदलू?

थांबा. बदल म्हणजे कायद्याने जुन्याची विक्री आणि नव्याची खरेदी, त्यावर कर लागतो. आधी जुनी एसआयपी (दर महिन्याचा ठरलेला हप्ता) बंद करून त्याच रकमेची नवी डायरेक्टमध्ये सुरू करा. जुने युनिट (फंडातले तुमचे वाटे) दरवर्षी थोडे थोडे हलवा, एका आर्थिक वर्षातला दीर्घकालीन नफा सव्वा लाखाच्या आत राहील इतकेच. शेवटच्या बारा महिन्यांत घेतलेले युनिट शेवटी. तुमच्याकडे काय आहे हे कळायला स्टेटमेंटवर योजनेचं पूर्ण नाव वाचा, त्यात ‘रेग्युलर’ किंवा ‘डायरेक्ट’ लिहिलेलं असतंच.

सुरुवात नक्की कशी करायची? डीमॅट लागतं का?

डीमॅट लागत नाही. ईटीएफला लागतं, इंडेक्स फंडाला नाही.

पहिलं काम केवायसी. कोणत्याही केवायसी नोंदणी संस्थेच्या संकेतस्थळावर पॅन टाकून स्थिती बघा. ‘व्हॅलिडेटेड’ असेल तर कुठल्याही फंड कंपनीत सरळ सुरू करता येतं. ‘रजिस्टर्ड’ असेल तर जिथे आधीपासून गुंतवणूक आहे तिथे चालतं, नव्या कंपनीकडे कागद पुन्हा द्यावे लागतात. ‘ऑन होल्ड’ म्हणजे मोबाइल-ईमेलची पडताळणी राहिली आहे किंवा पॅन-आधार जोडलेलं नाही.

सगळ्यात जास्त गाडी अडते ती नावावर. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि बँकेत आडनाव आधी. पॅन, आधार आणि बँक या तिन्हींत नाव एकसारखं करून घ्या, मगच फॉर्म भरा. उलट क्रमाने केलं तर पैसे कापले जातात, अर्ज नाकारला जातो आणि पैसे परत येण्याची वाट बघावी लागते.

मग फंड कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा एमएफ सेंट्रल या सामाईक संकेतस्थळावर जाऊन योजनेच्या नावात ‘डायरेक्ट’ आणि ‘ग्रोथ’ (नफा वाटून न देता फंडातच ठेवणारा पर्याय) हे दोन्ही शब्द आहेत हे तपासा. आयडीसीडब्ल्यू पर्याय टाळा. त्यात लाभांश म्हणून तुमचाच पैसा परत येतो आणि त्यावर तुमच्या प्राप्तिकराच्या टप्प्याने कर लागतो. नॉमिनी तिथेच भरा, ‘नंतर बघू’चं बटण दाबू नका.

हप्ता बँकेतून कापायची परवानगी कशी द्यायची?

नेटबँकिंग, डेबिट कार्ड किंवा आधारवरून ई-मँडेट, नाहीतर यूपीआय ऑटोपे. खातं एखाद्या लहान सहकारी बँकेत असेल तर ती ई-मँडेटच्या यादीत आहे का ते आधी बघा. नसेल तर कागदी फॉर्म भरावा लागतो आणि त्यावरची सही बँकेतल्या सहीशी जुळली नाही की तो परत येतो. अशा वेळी गुंतवणुकीपुरतं दुसऱ्या बँकेत खातं काढणं सोपं.

मँडेटची कमाल मर्यादा आजच्या हप्त्यापेक्षा मोठी ठेवा. हप्ता ३,००० असेल तर मर्यादा १५,०००. कापले जातील तीनच हजार, पण पुढे पगारवाढीनंतर हप्ता वाढवताना नवं मँडेट लागणार नाही.

तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांची घ्या. महिन्याची कोणती तारीख जास्त परतावा देते याचं संशोधन करू नका, दीर्घकाळात फरक पडत नाही. हप्त्याच्या आदल्या संध्याकाळी खात्यात शिल्लक हवी. हप्ता परत गेला तर फंड दंड लावत नाही, बँक लावते. सलग तीन मासिक हप्ते चुकले की एसआयपी रद्द होते, आणि हे कित्येकांना वर्षभराने कळतं.

बायकोच्या नावाची एसआयपी माझ्या खात्यातून चालेल?

नाही. पैसा गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या खात्यातूनच यावा लागतो. संयुक्त खातं असेल आणि त्यात त्यांचं नाव असेल तर चालतं. आणि तुम्ही दिलेल्या पैशांवरचा त्यांचा नफा करासाठी तुमच्याच उत्पन्नात धरला जातो.

आमचं उत्पन्न महिन्याला नाही, हंगामाला येतं. एसआयपी कशी करायची?

निफाड-दिंडोरीकडचा हा पहिला प्रश्न असतो आणि पगारदारांसाठी लिहिलेल्या लेखांत त्याचं उत्तर सापडत नाही. द्राक्षाचे पैसे जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान येतात, कांद्याचे लासलगाव-पिंपळगावच्या भावावर. बारा महिने ५,००० चा हप्ता लावला तर ऐन पावसाळ्यात खातं रिकामं आणि हप्ता परत.

आलेल्या रकमेतून आधी एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, औषधं, मजुरी आणि सोसायटीचं कर्ज बाजूला काढा. पुढचा हंगाम गारपिटीत गेला तर घर चालेल इतकेही बाजूला काढा. यानंतर उरेल तो खरा गुंतवणुकीचा पैसा. तो लिक्विड फंडात (अल्पमुदतीच्या रोख्यांत पैसा ठेवणारा, फारसा न हलणारा फंड) एकदम टाका आणि तिथून दर महिन्याला ठरावीक रक्कम इंडेक्स फंडात जाईल अशी एसटीपी लावा. दोन्ही फंड एकाच कंपनीचे हवेत, एका कंपनीतून दुसरीत एसटीपी होत नाही. उदाहरणार्थ, १,२०,००० लिक्विडमध्ये आणि दर महिन्याला १०,००० इंडेक्समध्ये, बारा महिने. दर महिन्याचं हस्तांतर ही लिक्विड फंडातली विक्री असते आणि तिच्यावरच्या थोड्याशा नफ्यावर तुमच्या टप्प्याने कर लागतो. रक्कम किरकोळ असते, पण विवरणपत्रात दाखवायची.

शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी त्या पैशातून घेतलेल्या फंडाचा नफा करमुक्त नाही. इथे बरेच जण फसतात.

नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झालो, मोठी रक्कम आली आहे. सगळी टाकू?

सगळी नको. पुढच्या सात-आठ वर्षांच्या खर्चाची सोय आधी ज्येष्ठ नागरिक बचत योजना (मर्यादा ३० लाख), पोस्टाची मासिक प्राप्ती योजना आणि एफडी यांत करा. उरलेल्यातला जो भाग तुम्हाला नव्हे तर पंचाहत्तरीतल्या तुम्हाला किंवा मुलांना लागणार आहे, तो इंडेक्स फंडात, वर्षभरात वाटून.

एफडी, सोनं, भिशी सोडून प्लॉटच घेतला तर?

गंगापूर रोडच्या पलीकडे प्लॉट घेऊन श्रीमंत झालेला एक तरी नातेवाईक प्रत्येकाला असतो. ज्याच्या प्लॉटवर रस्त्याचं आरक्षण पडलं, ज्याचा सातबारा अजून सामाईक आहे किंवा ज्याला आठ वर्षं गिऱ्हाईक मिळालं नाही, तो लग्नात हा विषय काढत नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीतच किमतीचे सहा-सात टक्के जातात, दलाली वेगळी. अडचणीला अर्धा गुंठा विकता येत नाही. इंडेक्स फंडातून पंधरा हजारही काढता येतात.

प्लॉटचा एक मोठा गुण मात्र मान्य करायला हवा: त्याचा भाव रोज मोबाइलवर दिसत नाही, म्हणून लोक तो वीस वर्षं ठेवतात. फंडही तसाच ठेवला असता तर, असा विचार करून बघा आणि फोनमधलं ॲप काढून टाका.

भिशी ही ओळखीवर चालणारी सोय आहे, गुंतवणूक नाही. पतसंस्थेतल्या ठेवीबद्दल इतकंच: बँकेतल्या ठेवींना असलेलं पाच लाखांचं विमा संरक्षण पतसंस्थेला लागू नाही.

पैसे काढायला किती दिवस लागतात, आणि कर किती?

दुपारी तीनच्या आत अर्ज केला तर त्या दिवसाची एनएव्ही (एका युनिटचा भाव), पैसे साधारण दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत खात्यात. काही फंडांत पहिल्या काही दिवसांत काढल्यास किरकोळ एक्झिट लोड, म्हणजे लवकर काढल्याची कपात, असतो.

बारा महिन्यांच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के. बारा महिन्यांनंतर विकलं तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आणि त्यावरच्या रकमेवर १२.५ टक्के. समजा ३ लाखांचे ५ लाख झाले आणि सगळे विकले. नफा २ लाख, करपात्र ७५,००० आणि कर ९,३७५. चार टक्के उपकर धरून ९,७५०. एसआयपीत प्रत्येक हप्त्याचे बारा महिने वेगळे मोजले जातात, म्हणजे ‘पहिली एसआयपी दोन वर्षांपूर्वीची’ म्हणून मागच्या महिन्याचा हप्ता जुना होत नाही. जुने युनिट आधी विकले गेले असं धरतात.

ठरलेल्या गरजेच्या दोन-तीन वर्षं आधीपासून पैसे टप्प्याटप्प्याने एफडीत हलवायला लागा.

वर्षभरात मला काय करायचं असतं?

एक तास. एप्रिलमध्ये एकत्रित स्टेटमेंट उघडून बारा हप्ते गेले का ते मोजा, नॉमिनी आणि मोबाइल क्रमांक तपासा, पगार वाढला असेल तर हप्ता वाढवा. पूर्वी कधी घेतलेला आणि विसरलेला एखादा फोलिओ (फंड कंपनीतलं खातं) घरात निघाला तर शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या पुढाकाराने २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘मित्र’ या सेवेवर शोधता येतो.

व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी ‘इंडेक्समध्ये पैसे लावून देतो’ म्हणतो.

फंडाचे पैसे फक्त फंडाच्या खात्यात जातात. कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर, कोणाच्या चालू खात्यात, कोणाच्या ‘ट्रेडिंग ॲप’वर नाही. तो बहुधा इंडेक्स फंडाबद्दल बोलतच नसतो. निफ्टीच्या ऑप्शनबद्दल, म्हणजे निर्देशांक वर जाईल की खाली यावरच्या सौद्यांबद्दल, बोलत असतो, आणि त्या दोन गोष्टींत नावाखेरीज काही सारखं नाही.

माझ्यानंतर घरच्यांना पैसे मिळतील का?

नॉमिनी असेल तर मृत्यूचा दाखला, नॉमिनीची केवायसी, त्याच्या बँक खात्याचा पुरावा आणि फॉर्म एवढ्यावर युनिट त्याच्या नावावर होतात. नसेल तर वारसाची कागदपत्रं, हमीपत्रं आणि मोठ्या रकमेला न्यायालयाचा कागद, आणि महिनोन्‌महिने हेलपाटे. नॉमिनीकडे पैसे सोपवले जातात, मालकी मात्र मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. दोन मुलं असून एकालाच नॉमिनी केलं असेल तर मृत्युपत्र करून ठेवा. फोलिओ क्रमांक आणि फंड कंपनीचं नाव एका कागदावर लिहून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.

मुलाच्या नावाने घेतलं तर?

चालतं, आई किंवा वडील पालक म्हणून. पैसा पालकाच्या खात्यातून जाऊ शकतो, पण काढताना तो मुलाच्या खात्यातच येतो, म्हणून त्याचं बँक खातं आधीच काढा. मूल अठरा वर्षांचं झालं की एसआयपी थांबते आणि त्याचं पॅन, केवायसी, नवी सही दिल्याशिवाय फोलिओ हलत नाही. अठराव्या वाढदिवसाच्या महिन्याभर आधी ही कागदपत्रं तयार ठेवा. तेव्हाच बारावीचा निकाल आणि प्रवेशाची धावपळ असते.